लव्हिनाची केसांची फुलं

नेब्रास्कातल्या आपल्या मातीच्या घरात लव्हिना माणसांचे केस तारेवर गुंफून फुलं करायची. माणशी एक फूल. भिंतीवरच्या चौकटीत सगळं खानदान येत चाललं होतं. बैलगाडीच्या प्रवासात वाटेतच गेलेली आईसुद्धा. येणार नव्हती फक्त धाकटी लेक एडना. जन्मून महिन्याच्या आतच गेली, डोक्यावर केस असे नव्हतेच.

"टकली माझ्यावर गेली होती," नवरा ऑरिन म्हणाला.

लव्हिना हसली नाही. "ती होती हे कुणाला कळणार?"

ऑरिननं टोपी काढली. कानांमागे उरलेले केस पुढे करत म्हणाला, "हे घे. बापाचेच आहेत."

"अहो, एका फुलापुरतेच आहेत. मग तुमचं?"

"माझं राहू दे. मला सगळे ओळखतात."

लव्हिनानं कात्री चालवली. ऑरिनचं फूल चौकटीत कधीच आलं नाही.