गावची उंडी
उंडीच्या तेलाचा उग्र वास आला की मला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरची ती सकाळ आठवते. लढाईच्या दिवसांत जळण मिळेनासं झालं होतं, आणि एक ठेकेदार माणसं घेऊन गावची उंडी तोडायला आला. तिच्या बियांचं तेल आम्ही होड्यांना लावायचो, तिच्या सावलीत बाया मासळी निवडायच्या. माझ्या आत्याने ओलं जाळं खोडाभोवती गुंडाळलं आणि ती बुंध्याशी बसली. "उठ गं बाई," ठेकेदार ओरडला. "जालं वाललं की उठेन," आत्या म्हणाली. ऊन चढलं, जाळं वाळू लागलं, तशा गावच्या बाया घागरी घेऊन आल्या आणि त्यावर समुद्राचं पाणी ओतत राहिल्या. दिवस मावळला तेव्हा ठेकेदार शिव्या देत रिकामी गाडी घेऊन परतला. आता माझे गुडघे वाकत नाहीत, पण आमच्या गल्लीतल्या झाडावर कुणी कुऱ्हाड घेऊन आला, की मी खुर्ची टाकून बुंध्याशी बसते.