आरशाकडे पाठ

कॅनडातल्या थंडर बेमध्ये लॉर्ना कित्तिलाला निम्मं गाव ‘मिस लॉर्ना’ म्हणूनच ओळखायचं. बँकेत, दातांच्या दवाखान्यात, मासळीच्या काउंटरवर एखादी चाळिशीची बाई एकदम टाचा जुळवून, पायाचे अंगठे बाहेर वळवून उभी राहायची आणि विचारायची, “बघा, जमतंय ना अजून?” लॉर्ना म्हणायची, “गुडघे ताणू नकोस.” मग दोघी हसायच्या. हे हसणं लॉर्ना कित्येक वर्षं न चुकता हसत आली होती.

एकतीस वर्षं तिचा नाचाचा क्लास एकाच जागी होता. खाली चष्म्यांचं दुकान, वर लाकडी जमिनीचा लांबलचक हॉल आणि त्याच्या एका भिंतीला छतापर्यंत आरसा. टाचांना पत्री लावून नाचायच्या टॅपचा तास सुरू झाला की दुकानातल्या फ्रेमा थरथरतात, अशी चष्मेवाल्याची तक्रार. ती करून करून तोही म्हातारा झाला. लॉर्नाची शिकवायची पद्धत साधी होती. मुलींकडे पाठ करून ती आरशासमोर उभी राहायची आणि नाचायची. मुली मागून, आरशातल्या लॉर्नाकडे बघत नाचायच्या. कोण चुकतंय ते तिला आरशातच कळायचं. “डावा. डावा पाय, ग्रेटा. दुसरा डावा.” तिच्या मुली स्टेजवर पाऊल विसरत नाहीत अशी ख्याती होती. त्याचं कारण एवढंच, की कार्यक्रमात लॉर्ना विंगेत उभी राहून सगळा नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवायची.

नेमकं कधी काय झालं, हे तिला सांगता आलं नसतं. कुणी गेलं नव्हतं, काही दुखत नव्हतं. नवरा रायमो कागदाच्या गिरणीतून निवृत्त होऊन घरी मजेत होता. पण दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिचं झालं होतं. संगीत लागलं की पाय हलायचे, तोंडातून आकडे बाहेर पडायचे, तास संपायचा. ती जिना उतरायची. आज कुठलं गाणं लावलं होतं, ते घरी पोचेपर्यंत आठवत नसे.

मग जूनचा वार्षिक कार्यक्रम आला. आठ वर्षांच्या मुलींचा मधमाश्यांचा नाच होता. मधल्या रांगेत रोमी सँडविक नावाची मुलगी होती, समोरचे दोन दात पडलेली, वर्षभर कधी फारशी न बोललेली. गाणं सुरू झालं आणि तिसऱ्या आवर्तनाला रोमी थांबली. नुसती उभी राहिली. तिने मान वळवून विंगेत लॉर्नाकडे बघितलं. लॉर्नाने हात आणखी मोठे केले, हसू आणखी रुंद केलं आणि पावलं दाखवत राहिली. पाच, सहा, सात, आठ. रोमीच्या पिवळ्या पायमोज्यांवरून ओघळ खाली आला, पायाशी थारोळं झालं. बाकीच्या मधमाश्या त्याला वळसा घालून नाचल्या. अजून दीड मिनिट गाणं होतं. ते पूर्ण होईपर्यंत लॉर्ना पावलं दाखवत होती.

रोमीची आई जनीन मागच्या दारापाशी तिला गाठून म्हणाली, “तुम्ही तिच्याकडेच बघत होतात.”

“हो,” लॉर्ना म्हणाली.

“मग?”

जनीन मुलीला आपल्या कोटात गुंडाळून घेऊन गेली.

गाडीत रायमोने विचारलं, “बरा झाला का कार्यक्रम?”

“झाला.”

दुसऱ्या दिवशी लॉर्नाने रोमीचा मागे राहिलेला मधमाशीचा पोशाख धुतला आणि पुन्हा एकदा धुतला. बसची वाट बघावी तशी ती शरमेची वाट बघत होती. शरम काही आली नाही. त्याची थोडी भीती वाटली, मग तीही ओसरली.

क्लासचं टेबल सांभाळायची रायमोची बहीण आयलीन. पालकांचे फोन, हजेरी, हरवलेले बूट हे सगळं तिच्याकडे. तिने जुलैमध्ये एक कागद लॉर्नापुढे सरकवला. ऑगस्टमध्ये विनिपेगला नृत्यशिक्षकांची तीन दिवसांची कार्यशाळा होती.

“तुझं नाव घातलंय,” आयलीन म्हणाली.

“मी काय आता शिकायचं आयलीन? अठ्ठावन्न वर्षांची झाले मी.”

“शिकू नकोस. नुसती बस जाऊन. इथेही तू बसलेलीच असतेस, फक्त उभी दिसतेस.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे जा. मी तुझ्या नवऱ्याची बहीण आहे, तुझी नाही, म्हणून बोलते. तुझी असते तर रडले असते.”

लॉर्ना गेली. जंगल, तळी, पुन्हा जंगल; आठ तास गाडी चालवली. गाडीत काहीही लावलं नाही.

हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये दीडेकशे शिक्षिका होत्या, सगळ्या ताठ पाठीच्या. पहिल्या सकाळी कानाला माइक लावलेला एक गृहस्थ आतल्या ज्योतीविषयी तासभर बोलला. बऱ्याच जणी रडल्या. मग रंगीत चिठ्ठ्या वाटल्या गेल्या: तुम्ही का शिकवता ते लिहा आणि भिंतीवर लावा. लॉर्नाने खूप विचार केला आणि लिहिलं, ‘मंगळवार, गुरुवार, शनिवार.’

शेजारच्या खुर्चीतली जाडजूड बाई तिच्या खांद्यावरून वाचून फिसकन हसली. “बाई गं, तू तर माझ्याही पुढची निघालीस!” तिचं नाव डोरीन पेलतिये. मॅनिटोबात कुठेतरी लांब एका गावात, बर्फावर स्केटिंग करायच्या रिंकच्या वरच्या खोलीत ती मेटी लोकांचा, म्हणजे तिथल्या आदिवासी-फ्रेंच वंशाच्या लोकांचा, जिग नाच शिकवायची. “मी लिहिलंय, ‘बहिणीने पाठवलं म्हणून.’ लावू का शेजारी शेजारी?”

त्यांनी लावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारचं सत्र बेटिना नावाच्या एका शिक्षिकेचं होतं. तिला सडकून सर्दी झालेली. ज्योत वगैरे तिने काही काढली नाही. हॉटेलच्या पलंगांवरच्या चादरी आणून तिने हॉलमधला आरसा झाकून टाकला होता. “जोड्या करा,” ती नाक पुसत म्हणाली. “एकीने तीन मिनिटं नाचायचं, काहीही. दुसरीने बसून बघायचं. मोजायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. मग काय दिसलं ते सांगायचं. बस.”

डोरीन आधी उठली. कमरेपासून वर एखाद्या पेटीसारखी स्थिर आणि खाली पाय मात्र पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. लॉर्ना बघत होती.

“काय दिसलं?” बेटिना शेजारी येऊन उभी राहिली.

“डावा खांदा वर जातो. शेवटी लय पडली.”

“ही दुरुस्ती झाली. दिसलं काय?”

लॉर्ना खरं तेच म्हणाली, “माहीत नाही.”

“मग परत बघा.”

“परत?” डोरीन धापा टाकत ओरडली. “ए, मला इथेच पुरता की काय?” पण नाचली.

या वेळी लॉर्नाने हात मांडीखाली दाबून ठेवले, नाहीतर बोटं आपोआप मोजायला लागत. आणि बराच वेळ बघितल्यावर एक गोष्ट दिसली. “वळलीस की दर वेळी तू जमिनीवरच्या एकाच जागेकडे बघतेस,” ती म्हणाली. “तिथे कुणी बसल्यासारखं.”

डोरीन थांबली. तोंडावरचा घाम तिने बाहीने पुसला. “माझी मावशी,” ती म्हणाली. “चुलीजवळच्या पेटाऱ्यावर बसायची. तिथेच शिकले मी, तिच्यासमोर.” मग म्हणाली, “इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं.”

डोरीनचे डोळे भरले होते. आपलेही भरायला हवेत असं लॉर्नाला वाटलं. पण तिचे हात फक्त गार पडले होते. तिच्या मनात एकच गोष्ट आली: रोमीही अशीच एका जागेकडे बघत होती. ती जागा म्हणजे मी.

मग लॉर्ना नाचली. तीन मिनिटं झाल्यावर डोरीन म्हणाली, “रागावणार नसशील तर सांगते.”

“सांग.”

“तू नाचली नाहीस. शिकवलंस. मागे कुणी नव्हतं तरी शिकवत होतीस.”

लॉर्ना रागावली नाही. रागावायला काही हाती लागलंच नाही.

घरी आल्यावर, सोमवारी सकाळी ती जनीनच्या कामाच्या जागी गेली. शहराबाहेर एका रोपवाटिकेच्या काचघरात जनीन कुंड्या भरत होती.

“मी तिच्याकडे बघत होते आणि पावलं दाखवत होते,” लॉर्ना म्हणाली. “मी स्टेजवर यायला हवं होतं.”

“हो,” जनीन म्हणाली. “यायला हवं होतं.” तिने माती दाबली, पुढची कुंडी घेतली. “ती आता पोहायला जाते.”

“छान.”

“छानच. तुमच्याकडे नाही येणार ती.”

“नको.”

मागच्या बाकाखालून रोमी बाहेर आली, हातात झारी. तिला नवे दात आले होते. “मिस लॉर्ना, माझा मधमाशीचा ड्रेस कुणाला दिलात?”

“कुणालाच नाही.”

“का? द्या ना. धुतलाय ना?”

“दोनदा.”

“मग काय झालं,” रोमी म्हणाली आणि झेंडूंना पाणी घालायला गेली.

झारी रिकामी होईपर्यंत लॉर्ना तिच्याकडे बघत राहिली.

सप्टेंबरात क्लास सुरू झाला तेव्हा आरशावर तपकिरी कागद चिकटवलेला होता. लॉर्ना मुलींकडे तोंड करून खुर्चीवर बसली. मुली नुसत्या उभ्या राहिल्या.

“मिस लॉर्ना, तुमचं ऑपरेशन झालंय का?” एकीने विचारलं.

“नाही.”

“मग करून दाखवा ना.”

“मी सांगते. तुम्ही करा. मी बघते.”

पहिला महिनाभर त्या एकमेकींवर आदळत होत्या. सांगता सांगता लॉर्नालाही शब्द सापडत नसत. एकतीस वर्षं तिने पायानेच उत्तरं दिली होती. पालक आयलीनच्या टेबलाशी येऊन कुजबुजायचे. चौघी मुली दुसऱ्या क्लासला गेल्या, त्यांत लॉर्नाची सगळ्यात तयार मुलगी होती. जाताना तिची आई म्हणाली, “मनावर घेऊ नका हं.” ते कसं घ्यायचं, हेच लॉर्नाला आठवत नव्हतं.

तास संपला की ती आयलीनला प्रत्येक मुलीचं एक काहीतरी सांगायची. दुरुस्ती नाही, दिसलेलं. अमुक डावीकडे गिरकी घेताना गुणगुणते. तमुक उडी मारण्याआधी कान पकडते. आयलीन गुलाबी आयसिंग लावलेला गोड पाव चावत ऐकायची.

“हे सांगताना तुला बरं वाटतं का?” तिने एकदा विचारलं.

लॉर्नाने प्रामाणिकपणे स्वतःला तपासून बघितलं. “नाही गं. तसं काही वाटत नाही.”

“मग कशाला करतेस?”

“पूर्वी दिसतही नव्हतं.”

आयलीन म्हणाली, “बरं,” आणि हजेरीचं पान उलटलं.

दिवाळखोरीची वेळ आली नाही आणि गर्दीही झाली नाही. क्लास होता त्याहून थोडा लहान होऊन चालत राहिला. मार्चमध्ये डोरीन आठवडाभर येऊन राहिली आणि तिने मुलींना जिग शिकवला. चष्मेवाला वर आला तो तक्रार करायला, आणि दारात उभा राहून पूर्ण तास बघून गेला. रायमोने डोरीनसाठी फिनलंडच्या पद्धतीचे पातळ पॅनकेक केले. ती दोघं मोठमोठ्याने बोलत होती, लॉर्ना मध्ये बसून खात होती.

डोरीन गेली त्या गुरुवारी लॉर्नाचा नेहमीचा तास होता. कोपऱ्यात उभी राहणारी एक मुलगी, इंगा, जिगमधलं एक पाऊल चुकीचं धरून बसली होती आणि ते चुकीचं पाऊलच पुन्हा पुन्हा करत होती, कारण तिला ते आवडलं होतं. ते दिसत होतं. लॉर्नाने ते दुरुस्त केलं नाही. बाकीच्या मुलीही हळूहळू थांबून बघायला लागल्या. इंगाला पत्ता नव्हता.

दार वाजलं. आयलीनने डोकं आत घातलं. “लॉर्ना, वीस मिनिटं वर झाली. खाली आया गाड्या चालू ठेवून बसल्यात, बर्फ पडतोय.”

“हो का?” लॉर्ना म्हणाली. तिने घड्याळाकडे बघितलं. वीस नाही, बावीस मिनिटं वर झाली होती. आजवर एकदाही असं झालं नव्हतं.

“काय सांगू त्यांना?”

“सांग, येतायत,” लॉर्ना म्हणाली. ती खुर्चीवरून उठली नाही. “इंगाचं होऊ दे.”