पाहुण्यासाठी केलेलं भाषांतर

माझ्या धाकट्या भावाला ज्यांनी पळवून नेलं, त्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत. तरीही काही महिने मी त्यांना रोज मारत होतो. सकाळी सिंगापुरात बिशानला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढलं की दांडीला धरून उभ्याउभ्या मी त्यांच्या होड्या बुडवायचो, त्यांच्या झोपड्यांना आग लावायचो. उतरायचं स्टेशन आलं की शर्ट नीट करायचो आणि ऑफिसला जायचो. आजूबाजूच्यांना मी एक थकलेला, सज्जन गृहस्थ वाटत असणार.

नोकरीही अशी, की भावाला नेलं तो किनारा दिवसभर डोळ्यांसमोर. जहाजांच्या विम्याची दलाली करणाऱ्या कंपनीत मी धोक्याचे नकाशे रंगवायचो. हिरवं पाणी बिनधास्त, पिवळं जपून, लाल धोक्याचं. लाल पाण्यातून जायचं तर मालकाला युद्धाच्या धोक्याचा वेगळा विमा घ्यावा लागे, आणि बरेच जण बंदूकधारी पहाराही घेत. शेवटचा निर्णय लंडनला व्हायचा, पण आमच्या टिपणाला वजन होतं.

त्या वर्षांत मलाक्काची सामुद्रधुनी लाल होती. पलीकडच्या किनाऱ्यावर बंड धुमसत होतं. सरकारचा अंमल शहरापुरता आणि खाड्यांत बंडखोर, चाचे, मच्छीमार सगळे एकत्र. कोण कोणत्या दिवशी काय असेल याचा नेम नव्हता. जगाचं तेल या वाटेने जातं, तेव्हा इथे गस्त आम्ही घालू, असं दूरचे बलाढ्य देश म्हणत. किनाऱ्यावरचे देश म्हणत, आमचं पाणी आम्ही सांभाळू.

अशाच एका दूरच्या देशाच्या नौदलातून निवृत्त झालेला एक अधिकारी आमच्या ऑफिसात येत असे. सगळे त्याला कमांडर म्हणत. त्याची कंपनी जहाजांना पहाऱ्याच्या बोटी पुरवायची आणि पलीकडच्या एका सुरक्षा दलाला शिकवायला माणसं पाठवायची. आपल्या देशाचे डोळे-कान इथे आपणच आहोत, असं तो हसत सांगे. आम्हीही हसायचो.

भाऊ जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर सेकंड इंजिनिअर होता. रात्रपाळी करून झोपलेला असताना त्याला आणि कॅप्टनला उचलून नेलं. मालकांनी बऱ्याच खटपटींनंतर सोडवून आणलं, तेव्हा गावी जाण्याआधी तो काही दिवस आमच्याकडे राहिला. पलंग सोडून तो दाराशी जमिनीवर झोपायचा. लिफ्टचा आवाज आला की उठून बसायचा. ते बघितलं की माझ्या मनातल्या आगी अजून भडकायच्या.

कमांडर म्हणाला, मला तुझ्या भावाला भेटायचंय. मी त्याला रविवारी जेवायलाच बोलावलं. इतका मोठा माणूस आपल्या फ्लॅटवर येणार याचा मला अभिमानही वाटला. बायकोने पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड केलं. त्याने न सांगता बूट दाराबाहेर काढले, पुरी हाताने खाल्ली. आम्ही खूश.

भाऊ त्याच्याशी इंग्रजीत मोजकंच बोलला. हो, नाही, आठवत नाही. मग माझ्या बायकोने वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, खायला काय द्यायचे हो ते?"

आणि तो पहिल्यांदा मोकळा झाला. "भात आणि सुकी मासळी, वहिनी. एक म्हातारी आणायची. आधी नुसतं ठेवून जायची, मग बसायला लागली. माझी दाढी बघून हसायची. एकदा ताप चढला, तर बंदूकवाल्या पोरांना शिव्या घालून तिने मला सावलीत हलवायला लावलं. ती होती म्हणून मी आहे."

पाहुण्याला परकं वाटू नये, म्हणून मी प्रत्येक वाक्य इंग्रजीत करून कमांडरला सांगत होतो. आपल्याकडे हे सहज होतं. चारचौघांत एक जण मराठी नसला की कुणीतरी दुभाषी होतोच. माझी मुलगी कंटाळून म्हणाली, "पपा, यू डोन्ट हॅव टू ट्रान्सलेट एव्हरीथिंग, लाह."

"करू दे," कमांडर म्हणाला. "मला आवडतंय."

"राहायची कुठे ती?" बायकोने विचारलं.

"खाडीच्या तोंडाशी. एक कललेलं दीपगृह होतं आणि अर्धी बुडालेली बार्ज, माल वाहायची सपाट बोट. तिलाच होड्या बांधायचे. म्हातारीचं घर बार्जच्या अगदी समोर."

तेही मी सांगितलं. कमांडरने श्रीखंडाचा चमचा खाली ठेवला. "विचार, समुद्रातून येताना बार्ज दीपगृहाच्या कुठल्या बाजूला?"

मी विचारलं. भाऊ त्या खाडीतच हरवला होता. त्याने बोटाने टेबलावर रेघ ओढली. "डावीकडे," मी म्हणालो.

काही आठवड्यांनी एका हॉटेलच्या हॉलमध्ये कमांडरने विमेवाल्यांसमोर भाषण केलं. पडद्यावर हवेतून काढलेला फोटो आला. कललेलं दीपगृह, डावीकडे बार्ज. पुढच्या फोटोत किनारा काळा पडलेला. होड्यांच्या जागी डाग, घरांच्या जागी नुसते खांब. त्याने शिकवलेल्या दलाच्या एका तुकडीची ही कामगिरी होती. चहाच्या वेळी तो माझ्यापाशी आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भावाला सांग, परतफेड झाली."

खोटं कशाला लिहू? मला आनंद झाला. मी मनात लावलेली आग कुणीतरी खरोखर लावली होती. चहाबरोबरचा करी पफ मला कधी नव्हे तो चविष्ट लागला, आणि तो चावत असतानाच मी भावाला फोन लावला.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, त्यांना जागा कशी कळली?"

मी करी पफ बशीत ठेवला.

"म्हातारीचं काय झालं?"

"माहीत नाही."

"मग विचार ना. तुझा मित्र आहे तो."

मी कमांडरला विचारलं. "कुठली म्हातारी?" तो म्हणाला. मी आठवण करून दिली. त्याने खांदे उडवले. "कैद्याला जेवण देणारी बाई त्यांचीच माणूस असते."

हे वाक्यही मी भावाला मराठीत करून सांगितलं. तो म्हणाला, "मी वहिनीशी बोलत होतो, दादा. पाहुणचार तुला करायचा होता." आणि फोन ठेवला. त्यानंतर तो माझ्या बायकोशी, मुलीशी बोलायचा, पण मी फोन घेतला की लाइन बंद.

तेव्हापासून एमआरटीतल्या माझ्या होड्यांत कमांडर बसू लागला. चाचे मागे पडले. माझ्या घरी जेवून, माझ्या तोंडून गावाचा पत्ता काढून नेणारा माणूस मला बुडवायचा होता. माझी जीभ माझीच होती हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्याचा जास्तच राग यायचा.

संधी नकाशानेच दिली. किनाऱ्यावरच्या देशांनी मिळून गस्त सुरू केली होती, बंडखोर आणि सरकार यांच्यात समझोता झाला होता, हल्ले खरोखर कमी होत होते. मी बंदरातल्या एजंटांना, टगच्या कॅप्टनना गाठून एकेक गोष्ट दोनदा पडताळली. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं. लाल रंग आता समर्थनीय नाही, असं मी टिपणात लिहिलं. एक अक्षर खोटं नव्हतं, आणि प्रत्येक अक्षर त्याचं वाटोळं व्हावं म्हणून लिहिलं होतं.

कमांडर माझ्या टेबलापाशी आला. "तुझाच भाऊ नेला होता ना त्यांनी? आणि तू हिरवं रंगवतोस?"

"हिरवं नाही," मी म्हणालो. "पिवळं."

ते म्हणताना जी मजा आली ती मी अजून विसरलेलो नाही.

लंडनने सामुद्रधुनीवरचा लाल रंग काढला. जहाजमालकांनी पहारे बंद केले. शहरातल्या आंग मो किओ भागात कमांडरच्या कंपनीचं गोदाम होतं. ते रिकामं होणार असं कळल्यावर मी अर्धी सुट्टी काढली आणि समोरच्या कॉफीशॉपमध्ये कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसलो. वायरलेस संच, लाइफजॅकेटं, घडीच्या खुर्च्या असं सगळं लॉरीत चढत होतं. तो घामाने भिजून उभा होता. त्याने मला पाहिलं. त्याने पाहावं म्हणूनच मी आलो होतो. मी कप किंचित उचलला.

भावाला मी बायकोच्या फोनवरून गाठलं आणि सगळं सांगितलं. लाल कसा उतरवला, लॉरी कशी भरली.

"टिपण खरं होतं ना?" त्याने विचारलं.

"शंभर टक्के."

"मग ते तुझं कामच होतं. मला कशाला सांगतोस?" मग म्हणाला, "म्हातारीला सांग जाऊन."

मी गेलो नाही. जाता आलं असतं. समझोत्यानंतर वाट मोकळी होती. तिथे कुणी भेटलं नाही तर, याची भीती होती. कुणी भेटलं तर, याची त्याहून जास्त.

पुढे माझ्या टेबलावर आफ्रिकेचा पूर्व किनारा आला. तसाच मोडलेला देश, तसेच भुकेले किनारे, आणि गस्तीला आलेल्या साऱ्या जगाच्या युद्धनौका. जहाजं तिथे आमच्या सामुद्रधुनीपेक्षा कितीतरी जास्त पळवली जात होती. पहारा देणाऱ्या कंपन्यांच्या यादीत कमांडरची कंपनी वरच्या जागी होती. तिला खाली खेचायला काही सापडतं का म्हणून मी आठवडाभर कागद उपसत होतो, तेव्हा भावाचा फोन आला. माझ्या फोनवर. किती दिवसांनी.

तो पुन्हा समुद्रावर चालला होता, आफ्रिकेच्या त्याच किनाऱ्यावरून. "दादा, कंपनीने पहारा निवडायला सांगितलाय. कॅप्टन म्हणतो, तुझ्या भावाला विचार, तो यातलाच आहे. ते पाणी खरंच वाईट आहे, की तुझं आणि त्या कमांडरचं काही चाललंय?"

"खरंच वाईट आहे."

"पहारा हवा?"

"हवाच."

"कुणाचा चांगला?"

समोर कागद पसरले होते. त्या वाटेवर कमांडरच्या माणसांनी एकही जहाज गमावलं नव्हतं. बाकीच्यांबद्दल मला तसं म्हणता येत नव्हतं. दुसरं नाव जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्याचं सांगितलं.

भाऊ म्हणाला, "बरं. या वेळी ऐकतो तुझं."

त्याच दुपारी ऑफिसच्या शिफारशीतही मी ते नाव माझ्या हाताने टाइप केलं. कमांडरकडून आभाराची ओळ आली. मी उत्तर दिलं नाही. भाऊ सुखरूप पार झाला आणि बंदरातून त्याने मलाच फोन केला, दोनच मिनिटं. जेवण, हवा, इंजिन. त्या खाडीबद्दल तो माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही.

त्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मला आजही वाटतं. मनापासून वाटतं. फक्त आधी बायकोला विचारून घेतो, भाऊजींचं जहाज कुठे आहे. ते त्या पाण्यात असलं, तर तेवढे दिवस थांबतो.