सरावाचा हात

माझ्या मोठ्या मावशीसमोर आजारी पडायची हिंमत अख्ख्या आर्णीत कुणाची नव्हती. मिलिटरीच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढून ती गावी परतली, ती तिथला दणदणीत आवाज बरोबर घेऊनच. भर बाजारात भाजीवाल्याची जीभ बघायची, लग्नात नवरदेवाची नाडी. "दूध पेतं का नाही रे बापा तू?" असं तिनं एकदा तहसीलदारसाहेबांना विचारलं, आणि साहेब बिचारे मान खाली घालून "नाही" म्हणाले.

मी तिचा लाडका भाचा. म्हणजे काय, तर सरावाला हात माझा! लढाईत नवरा गेलेल्या बायकांना ती घरीच नर्सिंगचं काम शिकवायची. कापसाला भाव नव्हता ती वर्षं. मिरवणूक, हारतुरे आटोपले की जवानाची बायको घराला जड व्हायची. त्यांच्या पट्ट्या, त्यांचं बीपी, सगळं माझ्यावर. एकदा डोक्याची पट्टी सोडायची विसरून मी तसाच दुकानात बसलो. त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकानं घासाघीस केली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती मुद्दाम बांधून घेतली.

सुईचं मात्र मला लहानपणापासून वावडं. नुसती दिसली तरी डोळ्यांपुढे अंधारी. "काहून रे, एवढा आडदांड गडी आन् सुईले भेतं?" मावशी सगळ्यांदेखत विचारायची.

अशाच बायकांत एक शालू आली. संत्र्याला झकास टोचायची, पण माणसाचा हात पुढे आला की लटपटायची. सोमवारी यवतमाळच्या एका दवाखान्यात तिला इंजेक्शन देऊन दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी. नाही तर लेकीला घेऊन पुन्हा दिराच्या घरी, जिथं पोरीची दुसरी पोळीही डोळ्यांवर यायची. मावशीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "लढाईवरून नवऱ्याची पेटी आली, ते उघडूच देल्ली नाही तिले. शेवटचा हातबी लावू देल्ला नाही. तू आज हलशील तर पाहाच."

मी बाही वर केली आणि डोळे गच्च मिटून घेतले. शालूनं मनगट धरलं, ते सोडेचना. हातावर टपटप पाणी पडलं तसे मी डोळे उघडले. वर्गात रडायला सक्त मनाई. आता मावशी कडाडणार! पण ती स्पिरिटचा बोळा हातात घेऊन नुसती उभी होती.

"हात गरम हाय, बाई," शालू हळूच म्हणाली.

मग तिनं सुई टोचली. सरळ, अलगद.

शालूला नोकरी लागली, माय-लेकी यवतमाळला राहायला गेल्या. मी आठवडाभर छाती काढून फिरलो. "पाह्यलं ना मावशी, हललो नाही मी!"

"तुहा हात धरलाच कुठं होता तिनं?" मावशी म्हणाली.

हे मला कळलं नव्हतं असं नाही. आता मावशीही राहिली नाही. माझ्या हातून आयुष्यात फारसं काही घडलं नाही बुवा. पण त्या दुपारी तो हात घटकाभर दुसऱ्या कुणाचा झाला होता, आणि मी तो ओढून घेतला नाही.