डिकीतला नारळ

माझा विश्वास देवावर आहे की माझ्या भीतीवर, हा प्रश्न मला साठी ओलांडल्यावर पडला, आणि तोही मुलाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ध्वनी म्हणजे कंपन आणि प्रत्येक कंपनाला कारण असतं, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. तरी त्या गाडीत मागून खट् असा आवाज आला की मी डोळे मिटून हात जोडत होते. जे घडलं ते जसंच्या तसं सांगते. त्याला चमत्कार म्हणायचं की नाही, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला सागरनं, माझ्या मुलानं, एक जुनी पण जबरदस्त गाडी घेतली. दिसायला साधी चार दारांची, पण इंजिन असं की पायाचा अंगठा दाबायचा अवकाश, पाठ सीटला चिकटते. तो इथल्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांची तपासणी करतो आणि लहानपणापासून गाड्यांचा वेडा आहे. मला मात्र त्या गाडीचा धसका होता. सागरचे वडील नऊ वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेले. तेव्हापासून घरातलं कुणी बाहेर पडलं की ते परत येईपर्यंत माझा घास घशाखाली उतरत नाही. गाडी दारात आली त्या दिवशी औरंगपुऱ्याच्या बाजारातून लिंबं, हार आणि दोन नारळ आणले. एक गाडीपुढे वाढवला. दुसरा लाल कापडात गुंडाळून देवापुढे ठेवला आणि नवस बोलले, की वर्षभर माझ्या पोराला सुखरूप ठेव, पुढच्या पाडव्याला पैठणला येऊन हा नारळ तुझ्यापुढे वाढवीन. तोवर तो गाडीतच राहील. या गाडीला स्टेपनी नसते, डिकीत तिच्या जागी नुसता खळगा असतो. तिथे मी नारळ ठेवला. "स्टेपनीच्या जागी देव बसवला आईनं," असं सागर सगळ्यांना हसून सांगायचा.

दिवाळीच्या आधी त्यानं मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलून घेतले, गाडी वळणावर अजून घट्ट बसावी म्हणून. त्यानंतर कधीतरी मला तो आवाज येऊ लागला. खड्ड्यातून गाडी गेली की मागून खट्, एकदाच. सागर आणि माझी सून प्राची पुढे बसायचे, गाणी चालू असायची, त्यांना फारसं कळायचं नाही. मागे मी एकटी. मी लगेच कारण शोधलं, शिक्षिका ना. नारळ वाळला की आतला गोटा करवंटीपासून सुटतो आणि हलवला की वाजतो. आपला नारळ आता वाळला, गोटा सुटला, म्हणून वाजतोय. इतकं चोख उत्तर सापडल्यावर पुढे कोण शोधतं? आणि खरं सांगायचं तर मला तो आवाज आवडू लागला होता. खट् झालं की वाटायचं, देव जागा आहे, मागे बसून आपल्याला हुंकार देतोय. प्रत्येक 'खट्'ला मी एक नमस्कार करायची.

जानेवारीत सागरच्याही कानावर तो आवाज गेला. गाडी एका वर्कशॉपमध्ये दाखवायला नेली तेव्हा मीही बरोबर होते. तिथल्या माणसानं डिकी उघडली, लाल कापडातला नारळ बघितला आणि हात मागे घेतला. "काकू, हा नवसाचा आहे का? मग मी नाही हात लावणार. आवाज याचाच आहे, तुम्हीच काय ते बघा." गाडी वर न उचलताच त्यानं कागदावर लिहून दिलं, डिकीतील सामानाचा आवाज. सागरनं तो कागद मला वाचून दाखवला. "आई, तुझा देव वाजतोय. काढ बरं तो आता."

मी काढला नाही. नवस पुरा व्हायच्या आधी नारळ जागचा हलवायचा नसतो, असं म्हणाले. सागर चिडला, पण त्यानंही तो स्वतः काढून फेकला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. घरात या नारळावरून महिनाभर धुसफूस चालली. शेवटी फेब्रुवारीत प्राचीच्या डोहाळजेवणाचं ठरलं, तिच्या माहेरी नागपूरला. सातवा महिना. रविवारी पहाटे निघायचं, हर्सूलच्या पुढे समृद्धी महामार्गाला लागायचं आणि दुपारी पोचायचं, असा सागरचा बेत. शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला. "प्राचीला घेऊन इतका वेळ तो खटखटाट मी ऐकणार नाही. उद्या तुला पैठणला नेतो. तुझा नवस उरकून टाक. नाहीतर रविवारी मी स्वतः तो नारळ गच्चीवर ठेवून जाईन."

पाडव्याला अजून दीड महिना होता. त्या रात्री मला राग आला आणि भीतीही वाटली. नवस मुदतीआधी फेडला तर तो पावतो का? आणि गाडीतून देवच उतरवला, तर नेमक्या सगळ्यात लांबच्या प्रवासाला माझ्या लेकरांच्या मागे कोण बसणार? पुस्तकातलं सगळं विज्ञान त्या वेळी कुठे गेलं होतं, कोण जाणे. पण सागरच्या चेहऱ्यावर त्याच्या वडिलांचा हट्ट दिसला आणि मी हो म्हणाले.

शनिवारी सकाळी आम्ही दोघंच पैठणला गेलो. मी सवयीनं मागेच बसले. मागून खट् झालं की तेवढे हात जोडत होते, शेवटचे म्हणून. नाथांच्या मंदिरात गर्दी नव्हती. पुजाऱ्यांना मी सगळं सांगितलं, मुदत संपायची आहे हेही सांगितलं, आणि विचारलं की हे चालेल का. ते म्हणाले, "बाई, आणलात ना? द्या इकडं." एवढंच. माझ्या उरलेल्या दीड महिन्याच्या चिंतेचं त्यांना काहीच वाटलं नाही. नारळ फुटला. आत पाणी नव्हतं, गोटा खरंच सुटलेला होता. अर्धा देवापाशी राहिला, अर्धा माझ्या पदरात आला. समाधीपुढे डोकं टेकलं तेव्हा मागायला काही सुचेना. वर्षभर पाठ केलेली मागणी संपली होती. "आता मला यातलं काही कळत नाही, तूच बघ," असं काहीसं मनात म्हणाले आणि उठले. त्याला प्रार्थना म्हणावं असं त्यात काही नव्हतं, मी फक्त थकले होते.

परत निघालो. सागर खुशीत होता. गावाबाहेर पहिला गतिरोधक आला, त्यानं गाडी हळू केली, आणि मागून आवाज आला. खट्.

सागरनं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी पदरातली नारळाची वाटी दोन्ही हातांनी धरून बसले होते. डिकी रिकामी होती. माझे हात सवयीनं जुळायला गेले आणि तिथेच थांबले. इतके दिवस मी नमस्कार कशाला करत होते? सागरनं गाणी बंद केली आणि दहा-बारा किलोमीटर आम्ही तो आवाज ऐकत आलो. नारळाच्या मागे लपायला आता दोघांनाही जागा नव्हती.

रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्तीचं एक पत्र्याचं शेड दिसलं. "थांब," मी म्हणाले. सागरचं म्हणणं होतं की या गाडीतलं ट्रॅक्टरवाल्याला काय कळणार. पण थांबला. मिस्त्री माझ्याच वयाचे असतील, डोक्याला पंचा, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न तोच विचारला. "डिकीत काय हाय?"

"काही नाही. नवसाचा नारळ होता, तो आत्ताच पैठणला वाढवला," मी म्हणाले.

"मंग बरं झालं. नायतर म्या बी त्यालाच धरलं असतं. आवाज कवा येतो?"

सागर म्हणाला, "खड्ड्यात येतो."

"खड्ड्यात तर समद्याच गाड्या वाजतेत. नीट सांगा."

सागरला सांगता येईना. मी सांगितलं. खड्ड्यात येतो, पण उजवं चाक गेलं तरच. थांबलेली गाडी पुढे घेतली की पहिल्यांदा एकदा. रिव्हर्स टाकला की एकदा. जोरात ब्रेक मारला की एकदा, हळू मारला तर नाही. डावीकडे वळताना येतो, उजवीकडे वळताना येत नाही. दिवाळीनंतर सुरू झाला, तेव्हा आठवड्यातून चार-दोनदा यायचा, आता रोज येतो. आणि आधी कोरडा होता, या महिन्यात जड झालाय.

सागर माझ्याकडे बघतच राहिला. "आई, तुला हे सगळं कसं माहीत?"

"दर वेळेला नमस्कार करत होते ना," मी म्हणाले. मला बोलताना लाज वाटली.

मिस्त्री हसले नाहीत. "दिवाळीला मागचं काय खोललं होतं का?" असं त्यांनी विचारलं. शॉक ॲब्सॉर्बर म्हटल्यावर ते सरळ उजव्या मागच्या चाकापाशी जाऊन बसले. गाडीचं पोट इतकं खाली की त्यांचा जॅक जाईना. आधी फळ्यांवर चाकं चढवली, मग जॅक लावला, मग ते पाठीवर आडवे होऊन आत गेले. चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी दांडा असतो, त्याच्याखाली त्यांनी पहार घातली आणि जरा उचलली. खट्. तोच आवाज, पण आता माणसाच्या हातानं काढलेला. तीन-चार महिने ज्याला मी देवाचा हुंकार म्हणत होते, तो एका ढिल्या बोल्टचा होता.

"या इकडं, मालक, बघा," त्यांनी सागरला खाली वाकायला लावलं. "कुणी तरी नट हातानं फिरवला अन् शेवटचा पिळा द्यायचा इसरला. निसटत निसटत दोन आट्यांवर आलाय."

"उद्या आम्ही नागपूरला निघणार होतो," सागर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "समृद्धीनं. हा निघाला असता तर काय झालं असतं?"

"चाक आपल्या मनानं वळलं असतं. तुमी ष्टेरिंग धरून काय करता मंग? अन् एवढं शिकलेलं माणूस तुमी, गाडी वर उचलून बघायला काय झालं होतं?" सागर खाली मान घालून ऐकत राहिला. रोज दुसऱ्यांनी बनवलेल्या भागांतल्या चुका शोधणारा माझा मुलगा.

त्यांनी नट बसवला. सागर म्हणाला, आता जोर लावून घट्ट करा. मिस्त्रींनी मान हलवली. "अजून नाय. गाडी खाली येऊ द्या. चाकावर वजन आलं की मंग पिळायचं, नायतर आतलं रबर पिळवटतंय." जॅक उतरला, गाडीनं आपलं वजन चाकावर टाकलं, तेव्हा त्यांनी लांब पाना लावून शेवटचा पिळा दिला. मग बजावलं, की एवढ्यावर फक्त घरी जा, हळू जा, शहरात नवीन नट-बोल्ट घाला, तोवर मोठा रस्ता नको. मी त्यांना प्रसाद दिला. त्यांनी काळ्या बोटांनीच खोबऱ्याचा तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मला तिथे रडू आलं. सागरच्या वडिलांना अपघातापूर्वी असं कुणी भेटलं नव्हतं, हेच मनात आलं.

नागपूरचा कार्यक्रम आठवडाभर पुढे गेला. नवीन बोल्ट बसला, गाडी सुखरूप गेली आणि आली. अशा गोष्टींत म्हणतात की मदत करणाऱ्याला नंतर शोधायला गेलं तर तो सापडत नाही. मला सापडला. पाडव्याला मी पैठणला गेले तेव्हा येताना थांबले. तेच शेड, तोच पंचा, मिस्त्री एका ट्रॉलीखाली होते. त्यांना मी आठवले नाही. कोणती गाडी म्हणता, असं विचारलं, बरं बरं म्हणाले आणि परत कामाला लागले.

मी पुष्कळ विचार केला. वर्षभर मी देवाला राखणदार म्हणून डिकीत डांबून ठेवलं होतं आणि जो आवाज मला सावध करत होता त्यालाच नमस्कार करून गप्प बसवत होते. मुलाच्या हट्टामुळे का होईना, मुदतीआधी तो नारळ हातातून सुटला, आणि सुटला तेव्हाच खरं ऐकू आलं. पण ते नमस्कार वाया गेले असंही मला म्हणवत नाही. मिस्त्रींना जे सांगितलं ते त्या नमस्कारांमुळेच माझ्याकडे होतं. माझ्या चुकीचाही देवानं उपयोग करून घेतला, याबद्दल मी त्याचे उपकार मानते. आपल्या हाती काय आणि त्याच्या हाती काय, याचा हिशोब मी आता मांडत नाही.

बाळ आता चार महिन्यांचं आहे. मागच्या सीटवर माझ्या मांडीवर असतं. मागून काही वाजलं तर मी आधी सागरला गाडी बाजूला घ्यायला सांगते, आणि तो खाली उतरून बघेपर्यंत हात जोडते.