ठामपणा : पाचपैकी दोन

सांगायला तोंड नाही, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. मी मुळात अबोल. माहेरी आणि सासरी एकमत असलेली ही एकच गोष्ट. पण अबोल माणूस लिहायला बसला की काय करून ठेवतो, ते ऐका!

लग्नाला चार महिने झाले होते. सासर दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत. नोकरी परळला, एका कंपनीच्या एचआरमध्ये. म्हणजे माणसं निवडायची. लोकांना वाटतं, हिला माणसं ओळखता येतात. वाटू दे.

हल्ली आमच्याकडे माणूस ओळखायचाच नाही, अशी नवी पद्धत आलीय. अर्जावरचं नाव, आडनाव, वय, फोटो, पत्ता, सगळं झाकायचं. उरतो फक्त एक क्रमांक. का? तर आडनाव किंवा पत्ता बघून आपलं मन नकळत झुकतं म्हणे. त्यात ही भरती एजन्सीमार्फत होती, म्हणून जाहिरातीत कंपनीचंही नाव नव्हतं. त्यांना आम्ही दिसत नाही, आम्हाला ते. आंधळी कोशिंबीरच म्हणा ना!

जागा ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्याची. मराठीतून, अर्धा दिवस, आणि संसारासाठी नोकरी सोडलेल्या बायकांसाठी खास. पहिली फेरी लेखी. सोबत काम करणाऱ्या व्यक्तीशी जुळवून घेताना आलेली अडचण लिहा. उदाहरण खरं आणि अलीकडचं हवं.

सतरा नंबरचं उत्तर वाचलं आणि मी हादरलेच.

‘आमच्या विभागात नुकतीच एक मुलगी रुजू झाली आहे. स्वभावाने चांगली, पण बोलत नाही. काहीही विचारलं की “चालेल” म्हणते. तिला ते चाललेलं नव्हतं, हे मागाहून कळतं. चहा पिऊन कप असेल तिथे सोडते. यंत्रसामग्री चालू ठेवून निघून जाते. मी तिला रागावत नाही. तिच्या मागे सगळं आवरते. नवीन आहे, शिकेल.’

आता, इतकी वर्षं घरी असलेल्या बाईचा हा ‘विभाग’ कुठला, हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? पडला नाही. वाटलं, असेल एखादं महिला मंडळ.

मी शेजारच्या टेबलावरच्या रेश्माला वाचून दाखवलं. “बघ गं, काय एकेक मुली! यंत्रं चालू ठेवून जाते! आग लागेल एखाद दिवशी.”

“आईने वळण लावलेलं दिसत नाही,” रेश्मा म्हणाली.

“अजिबात नाही!” मी म्हटलं.

आमच्या मॅडमचा दंडक आहे : कुणाला पुढच्या फेरीत न घेता मागे ठेवलं, तर छापील पत्र नको, चार ओळी मनापासून लिहा. मी लिहिल्या. अगदी मनापासून!

‘तुमचा सोशिकपणा कौतुकास्पद आहे, पण त्यामुळेच ती मुलगी डोक्यावर बसली आहे. अशा व्यक्तीला पहिल्याच आठवड्यात स्पष्ट समज द्यायला हवी होती. ठामपणा : पाचपैकी दोन. दहा दिवसांनी आणखी एक संधी मिळेल. तोवर प्रत्यक्ष सराव करावा.’

शुक्रवारी संध्याकाळी पाठवलं. कुणाचं तरी भलं केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन मी उठले, तर मागून आवाज आला, “मुग्धा, कप.”

मी वळून पाहिलं. माझ्या सासूबाई! ज्यांनी चार महिन्यांत मला ‘अगं’ सोडून काही म्हटलं नव्हतं! मी मुकाट्याने कप विसळला.

मंगळवारी बाथरूमबाहेर उभ्या. “गिझर कोण बंद करणार?”

बुधवारी तर कहरच. “आज वालाचं बिरडं करू?”

“चालेल.”

“चालेल नको. आवडतं की नाही? एका शब्दात.”

“न... नाही.”

“मग चार महिने का खाल्लंस?”

 मी निनादला, म्हणजे नवऱ्याला, गाठलं. “अरे, आईंना झालंय तरी काय?”

“मला काय माहीत? काल आरशासमोर उभी राहून ‘नाही म्हणजे नाही’ म्हणत होती. मी आत न जाता परत फिरलो.”

रविवारपर्यंत माझा धीर सुटला. चहा घेताना डोळे भरूनच आले. “आई, माझं काही चुकलं का?”

त्या एकदम विरघळल्या. “अगं वेडे, रडतेस काय! सराव करत होते मी.” मग ओशाळून मोबाइल पुढे धरला. “तुला सांगितलं नाही, एका नोकरीला अर्ज केलाय. एचआरवाली सून घरात. लागले असते तर वशिल्याने लागले म्हणाले असते सगळे. निनादच्या वेळी सोडली ती सोडलीच बघ नोकरी. वाटलं, आपलं आपल्याला जमतंय का बघावं. आता हे ऐक.”

आणि त्या वाचू लागल्या. “‘तुमचा सोशिकपणा कौतुकास्पद आहे...’”

माझ्या हातातला कप तिथेच थांबला. ‘डोक्यावर बसली आहे’ला तर माझे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते!

“यंत्रसामग्री,” मी कशीबशी म्हणाले, “म्हणजे...?”

“गिझर गं! घर लिहिलं असतं तर कुणी अनुभव म्हणून धरलं असतं का? म्हणून विभाग लिहिला. राग नको मानूस हं.”

राग? मी? रागवायला तोंड होतं कुठे! स्वतःच्या हाताने स्वतःची तक्रार मंजूर केलेली, आणि वर माहेरच्या आईचं वळणही काढलेलं!

सोमवारी मी मॅडमना ‘सतरा नंबर माझ्या नात्यातल्या निघाल्या’ एवढंच सांगून फाइल सोडली. ती रेश्माकडे गेली. दुसऱ्या फेरीत आईंनी लिहिलं, ‘त्या मुलीला आठवड्यात सरळ केलं. आता कपही जागेवर असतो.’ पाचपैकी पाच! रेश्मा मला सांगायला आली, “सुटली बिचारी त्या मुलीच्या तावडीतून!” मी मान डोलावली.

नेमणुकीचं पत्र आलं त्या संध्याकाळी आई पेढे घेऊनच दारात उभ्या. “अगं, तुझंच ऑफिस निघालं की! आता मला आधी त्या चार ओळी लिहिणाऱ्या बाईंकडे घेऊन चल. ओटी भरायचीय त्यांची. काय समंजस बाई असेल! अशी सून मिळायला नशीब लागतं गं. तू ओळखतेस का त्यांना?”

निनाद माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि त्याने तोंडात अख्खा पेढा कोंबला होता.

“तोंडओळख आहे,” मी म्हटलं, आणि न सांगता कप विसळायला उठले.