स्मारकापाशी ठेवलेली पिशवी

आमचं सरकारी कार्यालय बॉम्बस्फोटात कोसळलं, त्या दिवशी मी रजेवर होते. आता तिथे बाग आहे, आणि गेलेल्यांची नावं कोरलेला काळा दगड. परवा सकाळी पहिल्यांदाच धीर करून आत गेले, तर दगडाच्या पायाशी एक कापडी पिशवी दिसली. आसपास कोणीच नव्हतं. मी दोन पावलं मागे सरले. बाग कितीही सुंदर केली तरी माझ्या अंगाला ती जागा अजून इमारतीचीच वाटते.

तेवढ्यात नळाकडून एक वयस्कर बाई ओला फडका घेऊन आल्या.

"घाबरलात का? माझीच आहे पिशवी. लेकीच्या नावावरची धूळ पुसायला येते मी."

त्यांनी पुसलेलं नाव मी वाचलं. सुनंदा. त्या दिवशी माझ्या काउंटरच्या खिडकीवर माझ्याऐवजी तीच बसली होती.

"तुम्ही ओळखत होतात तिला?"

पिशवीची भीती गेली होती, या प्रश्नाची वाटली. "हो, एकाच खात्यात होतो," एवढंच म्हणाले. त्या पुढे काय विचारतील या धास्तीने मी त्यांच्या हातातला फडका घेतला आणि खालचं नाव पुसू लागले.